दुधाचा बाप्तिस्मा

आमच्या घरात सद्गुण बोटांवर मोजले जायचे. बा मिशनचे धर्मशिक्षक, सगळं गाव त्यांना योसेफ मास्तर म्हणायचं. दिवेलागणीच्या आधी चिंचेखाली पोरं बसवून ते उजव्या हाताची चार बोटं वर करायचे: विवेक, न्याय, धैर्य, संयम. हे चार माणूस सवयीनं कमावतो, असं ते सांगायचे, कापूस वेचणाऱ्या बाईचा हात रोज वेचून वेचून बसतो तसे. मग डावा हात वर व्हायचा आणि तीन बोटं दिसायची: श्रद्धा, आशा, प्रीती. हे तीन कमावता येत नाहीत, हे देव बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्या आत ओततो, फुकट ओततो, तान्ह्या लेकरातसुद्धा. आणि निराशा म्हणजे आशेवर थुंकणं, ते मोठं पाप. पोरं हे सगळं ओरडून म्हणायची आणि मी सगळ्यांच्या वरताण ओरडायची, कारण मास्तरची पोट्टी चुकली तर मास्तरची लाज जायची. आज एवढं वय झालं, तरी बाजाराला निघताना काय आणायचं ते बोटांवर मोजायला घेतलं की मेथीच्या आधी विवेक येतो. जन्माची कटकट आहे नुसती.

गाव घाटाखालचं, मलकापूरच्या रस्त्याला लागून. हंगामात कापसाच्या बंड्या पहाटेपासून जायच्या आणि बैलांच्या घुंगरांच्या आवाजानं जाग यायची. त्यावर मिशनची घंटा, त्यावर आमच्या मायच्या जात्याची घरघर. विहिरीचं पाणी खारं. डाळ शिजता शिजायची नाही, चहा प्यावा तर तोंड वाकडं व्हायचं. त्यामुळे आमच्याकडे रोज ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी नाहीतर बेसन, आणि वरून मिरचीचा ठेचा इतका तिखट की प्रार्थनेत डोळे मिटले तरी पाणी यायचं. शुक्रवारी मटण खायचं नाही, असा चर्चचा नियम. माय हसायची. म्हणायची, ‘‘वर्षातून दोनदा मटण दिसते, तेही शुक्रवारी कोण शिजवून राह्यलं, बापा?’’ बा रागावल्यासारखं करायचे आणि मिशीत हसायचे. हे हसणं मला नीट आठवतं, कारण नंतर ते घरातून गेलंच.

बांना आईबाप माहीत नव्हते. मोठ्या दुष्काळात कोणीतरी त्यांना मिशनच्या दारात ठेवून गेलं होतं. त्यांना पेज पाजणारे, अक्षर शिकवणारे, नाव देणारे सगळे झगेवाले फादरच. इतर माणसं रागावली की आईकडे जातात, बा चर्चमध्ये जायचे. फादर आल्फोन्स त्यांच्याहून फार मोठे नसावेत, लांब दाढीचे, समुद्रापलीकडचे, पण बा त्यांच्यासमोर पोरासारखे उभे राहायचे. फादर मलकापूरच्या पलीकडे राहायचे आणि अधूनमधून आमच्याकडे येऊन मिस्सा, म्हणजे वेदीवरची उपासना, करायचे. मराठी त्यांनी पुस्तकातून शिकलेली. ‘‘अग्नेस, तू कुशल आहेस ना?’’ असं ते मला, घरच्यांच्या अगनाला, विचारायचे आणि मी पदर तोंडात कोंबून पळायची. माणूस मायाळू होता. मला पुढं त्यांचा राग राग करायचा होता, पण तो पुरता कधी जमला नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माय माळ्यांच्या घरातली, नाव यमुना. तिच्या बापानं अख्ख्या घरासकट बाप्तिस्मा घेतला तेव्हा ती चांगली जाणती होती. त्यामुळे तिचं मन दोन्हीकडचं झालं होतं. जपमाळ तिच्या कमरेला असायची, आणि सोवळं-विटाळ तिच्या हाताला. बाळंतिणीच्या खोलीतलं पाणी देव्हाऱ्यापाशी न्यायचं नाही, असं तिला लहानपणापासून ठाऊक. आमच्या देव्हाऱ्यात मरियामातेची तसबीर होती, पण नियम तेच. अन् पाण्याचा विटाळ म्हणजे काय, हे तर आम्ही रोज पाहत होतो. पाटलांच्या घरचं कोणी आमच्या माठातलं पाणी पीत नसे. पाटलीणबाई मात्र मायच्या पोटात बाळ आहे म्हणून रोज गडूभर गाईचं दूध पाठवायची, आणि गडू परत नेताना कोणी तो धुऊन घेत नसे. दुधाला विटाळ नाही. पाण्याला आहे. हे कोणी शिकवत नाही, हवेतूनच कळतं.

माझ्यामागं मायचं पोट टिकत नव्हतं. दोनदा तसं घडलं, तिसऱ्या खेपेला मात्र दिवस भरत आले आणि घरात पुन्हा गाणी ऐकू यायला लागली. मुलगा झाला तर मिखाएल ठेवायचं, हे तिनंच ठरवलं. त्या देवदूताच्या हातात तलवार असते, याच्याकडे मरण यायला घाबरीन, असं ती म्हणायची. बांनी तिला सगळं शिकवून ठेवलं होतं. लेकरू धोक्यात असलं आणि फादर जवळ नसले तर कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतं. डोक्यावर पाणी ओतायचं आणि ओततानाच शब्द म्हणायचे. शब्द तिनं इतके घोकले होते की भाकरी थापतानाही पुटपुटायची. पाणी कसलं, हे बांनी वेगळं सांगितलं नाही. पाणी म्हणजे पाणी, त्यात काय सांगायचं? त्यांना विटाळ कधी शिवलाच नव्हता. मिशनमध्ये वाढलेला माणूस.

उन्हाळ्याचे दिवस होते. मे महिन्यातली मरियामातेची मिरवणूक जवळ आली म्हणून बा बैलांची दमणी घेऊन फादरना आणायला मलकापूरला गेले. ते गेले आणि दुसऱ्या दिवशी दुपारीच मायला कळा लागल्या. मी धावत जाऊन गोदामायला आणलं. गोदामाय गावाची सुईण, कपाळभर कुंकवाची, तोंडाची फटकळ आणि हाताची हलकी. तिनं माझ्याकडून पाणी तापवून घेतलं, खोलीत घंगाळ भरून ठेवलं, मला दाराशी बसवलं. लेकरू झालं, पण रडलं नाही. गोदामायनं त्याला उलटं धरलं, पाठ चोळली, तोंडात फुंकर घातली, तेव्हा मांजराच्या पिलासारखा एक आवाज आला. पोरगा होता. निळसर पडला होता. गोदामाय माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘‘यमुने, हे लेकरू टिकत नाही वो. तुमच्या देवाचं जे काही असन ते लवकर करून घे.’’

माय कोपरावर उठून बसली. तिला त्या अवस्थेत बसता येईल असं मला वाटलं नव्हतं. मी म्हटलं, ‘‘माय, माठातलं पाणी आणू का?’’ ती म्हणाली, ‘‘तू या खोलीत आली, मले शिवली, आता माठाले हात लावशीन तर तेबी विटाळीन. विटाळाचं पाणी देवाच्या कामाले घालू काय? तसं करून माह्या लेकराले देवानं परत पाठवलं तर?’’ तिच्या डोळ्यांत नुसती भीती होती. घंगाळातल्या पाण्याचं तर नावच नको. मग तिची नजर कोनाड्यातल्या पाटलीणबाईच्या गडूकडे गेली. सकाळचं दूध तसंच होतं. गोदामायही म्हणाली, ‘‘हाव, दुधाले काही विटाळ नसते.’’ मी गडू दिला. मायनं डाव्या हातावर त्याचं डोकं घेतलं आणि उजव्या हातानं दुधाची धार सोडत स्पष्ट म्हटलं, ‘‘मिखाएल, मी तुले पित्याच्या, पुत्राच्या अन् पवित्र आत्म्याच्या नावानं बाप्तिस्मा देतो.’’ एक शब्द चुकला नाही. दूध त्याच्या कपाळावरून कानात गेलं. तिनं ते पदरानं टिपलं आणि मग थोड्या वेळानं तो गेला. ती रडली, पण कशी रडली सांगू? हात रिकामा झालेल्या आईसारखी रडली, तरी मधूनच म्हणत होती, ‘‘गेला तर गेला, देवाघरी गेला. माह्या हातानं गेला.’’

बा आणि फादर दुसऱ्या दिवशी उन्हं तापायच्या आत आले. फादर चर्चमध्ये उतरले, बा घरी आले, आणि दारातच माझ्या तोंडावरून त्यांना कळलं. ते आत गेले, लेकराच्या कपाळावर क्रूस काढला, मायच्या डोक्यावर हात ठेवला. मायनं त्यांचा हात धरून सांगायला सुरुवात केली. तिला सांगायचंच होतं. एवढं मोठं काम तिनं एकटीनं केलं होतं. ‘‘मास्तर, मी घाबरली नाही. सारे शब्द बरोबर म्हटले, अगनाले विचारा. अन् विटाळाचं पाणी नाही लावलं बरं, गाईचं दूध घातलं.’’ बांचा हात तिच्या डोक्यावरून खाली आला. मी त्यांचं तोंड पाहत होते. एखाद्याला ऊन लागून चक्कर यावी तसे ते भिंतीला टेकले.

‘‘काय झालं?’’ माय म्हणाली. ‘‘काऊन बोलत नाही?’’

तिनं पुन्हा विचारलं, मग आवाज चढवून विचारलं, तेव्हा बा म्हणाले, ‘‘यमुना, दूध चालत नाही. पाणीच लागते. साधं पाणी.’’

‘‘साधं पाणी विटाळलेलं होतं.’’

‘‘देवाले विटाळ नसते.’’

‘‘मंग हे मले आधी काऊन नाही सांगतलं?’’ ती इतक्या हळू बोलली की मला नीट ऐकू आलं नाही, बांना मात्र आलं. मग माय एकदम शहाण्यासारखी बोलायला लागली, व्यवहाराचं बोलावं तशी. फादरना सांगायचं काय कारण? गोदामाय बोलणार नाही, अगना बोलणार नाही. लेकराला कुंपणाच्या आत, क्रूसाखाली पुरू द्या. आत पुरला तर तो आपल्यात राहीन, मेल्यावर मले सापडीन. ‘‘एवढंच करा मास्तर, काहीच सांगू नका. खोटं बोला असं म्हणत नाही मी. नुसतं गप राहा.’’ ती त्यांच्या पाया पडायला वाकली आणि तिला ते झेपलं नाही.

मिशनचं कब्रस्तान काट्याच्या कुंपणाचं, पवित्र पाण्यानं आशीर्वाद दिलेलं. बाप्तिस्मा न झालेली लेकरं कुंपणाबाहेरच्या बरड पट्टीत जायची, प्रार्थनेविना, क्रूसाविना. त्यांना दुःख नसतं, पण देवाचं दर्शनही नसतं, असं तेव्हा शिकवलं जायचं, आणि शिकवणारे दुसरेतिसरे कोणी नव्हते, आमचे बाच होते. लिंबो नावाची ती जागा मी चिंचेखाली बसून पाठ केली होती. तिथं आपल्या घरचं कोणी जाईल, असं मनात आलं नव्हतं.

फादर दुपारी आले. मी त्यांना पाण्याचा तांब्या दिला. त्यांनी लेकराला पाहिलं, मायपाशी बसले, म्हणाले, ‘‘मार्था,’’ – मायचं चर्चमधलं नाव ते – ‘‘तू धैर्याने वागलीस.’’ मग बांकडे वळले आणि विचारलं, ‘‘योसेफ, सर्व रीतीप्रमाणे झाले ना?’’ विचारतानाच ते उठायला लागले होते. जपमाळ खिशात घालत होते. एक ‘हो’ पुरला असता. मान हलवली असती तरी पुरलं असतं. माय बांकडे बघत होती, मी मायकडे बघत होते. बा म्हणाले, ‘‘नाही फादर. दूध घातलं. पाणी नव्हतं.’’

फादर परत खाली बसले. मग त्यांनी मायला विचारलं, मला विचारलं, पाण्याचा एखादा थेंब तरी, दुधात पाणी मिसळलेलं होतं का, असंही विचारलं. बुडत्यानं काडी शोधावी तसं चाललं होतं त्यांचं. पण पाटलीणबाईचं दूध निर्भेळ होतं. भलं करणारी बाई ती, तिनंही घात केला. शेवटी फादर म्हणाले की आता त्यांच्या हातात काही नाही. मायनं भिंतीकडे तोंड केलं.

मिखाएलला कुंपणाबाहेर पुरलं. बांनीच खड्डा खणला. फादर कुंपणाच्या आतल्या बाजूला उभे राहिले, डोक्यावरची टोपी काढून, ओठ न हलवता. परत येताना ते दोघं माझ्या पुढं चालत होते आणि फादर म्हणाले ते मी ऐकलं: ‘‘योसेफ, मी प्रश्न अर्धाच विचारला होता.’’ बा थांबले. म्हणाले, ‘‘फादर, लहानपणी मी बोर चोरून खाल्लं अन् नाही म्हटलं, तेव्हा तुमच्याच मोठ्या फादरनं मले रात्रभर गुडघ्यावर बसवलं. खोटं ते खोटं, चांगल्यासाठीही खोटंच, हे मी तुमच्याच घरात शिकलो. आता तुम्ही मले असं म्हणता?’’ फादर म्हणाले, ‘‘चारांत पहिला विवेक आहे. तो बाकीच्या तिघांची आई आहे.’’ बा म्हणाले, ‘‘मले आई नव्हती.’’ ते काही उलटून बोलले नव्हते. जे होतं ते सांगितलं.

तिसऱ्या दिवशी मायला दूध उतरलं. ज्याच्यासाठी उतरलं तो बरड पट्टीत होता. गोदामायनं दूध आटायला मोगऱ्याची फुलं बांधायला सांगितली, कोबीची पानं सांगितली, पण चोळी भिजायची ती भिजायचीच. माय ते पाहायची आणि म्हणायची, ‘‘आता येऊन राह्यलं. दूधच दूध येऊन राह्यलं.’’ मला आजही दुधाचा वास सोसत नाही. लोक म्हणतात म्हातारी कोरा चहा पिते, साखर वाचवते की काय. म्हणोत बापडे.

महिना सव्वा महिना गेला आणि ती उठली. स्वयंपाक केला, मिस्सेला गेली, पण ख्रिस्तप्रसाद घ्यायला उठली नाही, पापनिवेदनालाही बसली नाही. बांशी कामापुरतं बोलायची. आणि रोज विहिरीवरून येताना कळशी डोक्यावर, तांब्या हातात, अशी कुंपणाला वळसा घालून जायची. मला वाटलं, झाड लावलं असेल. एकदा मी मागं गेले. ती मिखाएलच्या मातीवर तांब्यातलं पाणी हळूहळू ओतत होती, खारं, साधं, विहिरीचं पाणी, आणि तेच शब्द म्हणत होती, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मेलेल्याला बाप्तिस्मा नसतो. तसं करणं संस्काराची थट्टा, मोठं पाप. हे तिला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. मी वळले तर पाठीमागं बा उभे. मिशनच्या शाळेतून येत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता फादरला सांगणार. त्यांनी माझा हात धरला आणि आम्ही दुसऱ्या वाटेनं घरी आलो. फादर पुढच्या खेपेला आले, बांना मायबद्दल विचारलं, आणि बा म्हणाले, ‘‘बरी आहे.’’ गप्प राहणं जमलं त्यांना. मायच्या काय कामाचं होतं ते?

चिंचेखालची शिकवणी चालूच राहिली. बा बोटं दाखवायचे. डाव्या हाताच्या मधल्या बोटावर आले की आशा म्हणायचे, पण निराशा पाप असते, ते वाक्य त्यांनी सोडून दिलं. पोरांच्या लक्षात आलं नाही. मी आता ओरडेनाशी झाले होते, मागं बसून कापूस निवडायची.

माय फार वर्षं जगली नाही. अंगात ताप मुरला आणि ती वाळत गेली. फादर आल्फोन्स तेव्हा थकले होते, तरी दमणीत बसून आले. मरणाऱ्याला लावायचं पवित्र तेल लावण्याआधी त्यांनी तिला विचारलं, ‘‘मार्था, श्रद्धा आहे?’’ ती म्हणाली, ‘‘हाव.’’ ‘‘देवावर प्रीती आहे?’’ तिनं जरा विचार केला, म्हणाली, ‘‘हाव. काऊन नाही.’’ ‘‘आणि आशा?’’ ती गप्प. फादरनी पुन्हा विचारलं, मग तिचा हात हातात घेतला आणि पोरासारखं विनवलं, ‘‘नुसती मान हलव.’’ हे शब्द ऐकून बा खोलीबाहेर निघून गेले. मायनं मान हलवली नाही. फादरनी तरी तेल लावलं. नंतर तिनं बांना बोलावून एकच गोष्ट मागितली, आणि बांनी होय म्हटलं, आणि ती कोणालाही न विचारता पुरी केली.

मागच्या वर्षी आमच्या चर्चमध्ये नवा फादर आला. तरुण, गोड, मोटारसायकलवर फिरणारा. म्हातारी घरात एकटी असते म्हणून प्रसाद घेऊन येतो, आणि माझा कोरा चहा बिचारा न कुरकुरता पितो. एकदा बोलता बोलता मी त्याला मिखाएलचं सांगितलं. उभ्या आयुष्यात कोणाला सांगितलं नव्हतं. त्याचे डोळे भरले. म्हणाला, ‘‘आजी, अशा बाळांना आता आपण देवाच्या दयेवर सोपवतो. ते देवाजवळच असतील अशी आशा धरायला चर्च सांगतं.’’

‘‘कधीपासून?’’ मी विचारलं.

तो जरा अडखळला. ‘‘तशी ती लिंबोची गोष्ट श्रद्धेची पक्की शिकवण कधी नव्हतीच, आजी. जुन्या विद्वानांचं मत होतं ते.’’

‘‘मत होतं?’’

‘‘हो. नुसतं मत.’’

या पोरसवदा फादरचा काय दोष, तेव्हा त्याचा तर जन्मही झाला नव्हता. पण मला राहवलं नाही. मी म्हटलं, ‘‘हे माह्या मायले जाऊन सांग.’’

त्याला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं. तरी अदबीनं म्हणाला, ‘‘सांगतो आजी, त्यांच्यासाठी प्रार्थना करतो. आपल्या कब्रस्तानात कुठल्या बाजूला आहेत त्या?’’

‘‘आत नको शोधू,’’ मी म्हटलं. ‘‘कुंपणाच्या बाहेर आहे.’’